संकेतस्थळातील सुविधांचा अग्रक्रम : सर्नमधील आरंभापासून देवनागरीपर्यंत

प्रास्ताविक

महाविद्यालयाचे संकेतस्थळ तयार करावयाचे ठरले, की पहिल्याच बैठकीत मागण्यांची एक लांबलचक यादी तयार होते. प्राचार्यांचे मनोगत, संस्थेचा इतिहास, सरकत्या छायाचित्रांची पट्टी, विभागवार माहिती, वेळापत्रक, प्रवेशाची गुणवत्ता यादी, माजी विद्यार्थ्यांची नोंदणी, भेट देणाऱ्यांची संख्या दाखविणारा आकडा. यादी करणे सोपे असते. त्यांतील आधी काय, नंतर काय आणि मुळीच नको ते काय, हे ठरविणे मात्र अवघड असते. प्रस्तुत लेखकास अशा एका समितीवर काम करण्याचा योग आला होता. त्या समितीचा बराचसा वेळ मुखपृष्ठावर कोणाचे छायाचित्र असावे, या चर्चेत गेला. वेळापत्रकाचा विषय शेवटच्या बैठकीत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली आला.

अशा निवडीसाठी व्यवस्थापनशास्त्रात काही पद्धती रूढ आहेत. जपानमधील नोरिआकी कानो यांनी १९८४ साली ग्राहकाच्या समाधानाशी सांगड घालून वस्तूच्या गुणांचे वर्गीकरण मांडले. १९९४ मध्ये डाय क्लेग यांनी ‘असलेच पाहिजे, असावे, असल्यास बरे, या वेळी नको’ असे चार कप्पे सुचविले. या पद्धतींचे विवेचन करणे हा येथे हेतू नाही. वेब ही व्यवस्थाच मुळात अशा एका अग्रक्रमातून जन्माला आली आणि तो अग्रक्रम ज्या कागदांत नोंदविला गेला ते कागद आज उपलब्ध आहेत. त्या निर्णयांचा इतिहास तपासला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. एखादी सुविधा आधी घ्यावी की नंतर, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु त्यामागे कोणाला आधी आत घ्यावयाचे आणि कोणाला दाराबाहेर थांबवावयाचे, हा निर्णय दडलेला असतो.

१९८९ चा मसुदा

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ ही युरोपीय अणुसंशोधन संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. १९८० च्या दशकात तेथे हजारो संशोधक काम करीत होते. परंतु त्यांतील अनेकांचा मुक्काम साधारणतः दोन वर्षांचाच असे. माणूस परत गेला, की त्याने केलेल्या कामाची माहितीही त्याच्याबरोबर जाई. एखादी आज्ञावली कोणी लिहिली, ती कोणत्या यंत्रणेवर अवलंबून आहे, तिची कागदपत्रे कोठे आहेत, हे पुष्कळदा कॉफीच्या टेबलावर विचारूनच कळत असे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८० मध्ये तेथील आपल्या पहिल्या अल्पकालीन नेमणुकीत याच कारणाने स्वतःपुरती ‘एन्क्वायर’ नावाची एक आज्ञावली लिहिली होती.

मार्च १९८९ मध्ये त्यांनी माहितीच्या व्यवस्थापनासंबंधी एक प्रस्ताव वरिष्ठांकडे दिला. वरिष्ठ अधिकारी माइक सेंडॉल यांनी त्यावर, कल्पना संदिग्ध आहे पण उत्साह वाढविणारी आहे, अशा अर्थाचा शेरा मारला. या शेऱ्याची आठवण वारंवार काढली जाते. मात्र त्या प्रस्तावातील सर्वांत मोलाचा भाग, प्रस्तुत लेखकाच्या मते, गरजांच्या यादीचा आहे.

त्या यादीत पहिल्या ओळीत असलेल्या गोष्टी अशा : दूरच्या यंत्रावरील माहिती जाळ्यावरून पाहता आली पाहिजे, निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवरून तीच माहिती मिळाली पाहिजे, कोणा एका मध्यवर्ती कार्यालयाच्या संमतीवाचून नवी माहिती जोडता आली पाहिजे, आणि आधीच साठविलेल्या माहितीपर्यंत पोहोचता आले पाहिजे. चित्रे व आलेख यांना मात्र वरच्या सजावटीचे स्थान दिले आहे. ८० अक्षरांच्या २४ ओळी दाखविणाऱ्या साध्या पडद्यावर मजकूर दिसणे हे तूर्त पुरेसे आणि अत्यावश्यक आहे, चित्रे ऐच्छिक आहेत, असा तेथील निर्वाळा आहे. याच्याही पुढे जाऊन त्या प्रस्तावात ‘ज्यांची गरज नाही’ अशा गोष्टींचे स्वतंत्र कलम आहे. स्वामित्वहक्काची अंमलबजावणी आणि माहितीची सुरक्षितता या बाबी त्या कलमात येतात. सर्नमध्ये गुप्ततेपेक्षा देवाणघेवाण महत्त्वाची, हे त्याचे कारण.

गरज नसलेल्या गोष्टींची यादी लेखी स्वरूपात देणे ही आपल्याकडील समित्यांना सहसा न सुचणारी गोष्ट आहे. आपल्याकडे ‘नाही’ म्हटल्याने कोणी तरी दुखावला जाईल या भीतीने सर्वच मागण्या मान्य होतात आणि मग सर्वच अर्धवट राहतात. अर्थात सुरक्षिततेला दुय्यम ठरविण्याची किंमत पुढे चुकवावी लागली. वेबवरून खरेदी-विक्री होऊ लागल्यावर नेटस्केप कंपनीस १९९५ मध्ये संदेश सांकेतिक रूपात पाठविण्याची व्यवस्था वरून जोडावी लागली. परंतु १९८९ च्या सर्नमध्ये तो निर्णय चुकीचा होता, असे म्हणता येत नाही.

वाचन आधी, लेखन नंतर

१२ नोव्हेंबर १९९० रोजी बर्नर्स-ली आणि रोबेर कायो यांनी मिळून दुसरा, अधिक नेमका प्रस्ताव सादर केला. त्यात काय करणार आणि काय करणार नाही, याची पुन्हा सरळ वाटणी आहे. ध्वनी व चलत्चित्रे यांवर संशोधन करणार नाही. कोणावरही विशिष्ट लेखनप्रणाली लादणार नाही. परवानग्यांची गुंतागुंतीची यंत्रणा उभारणार नाही. कामाचे दोन टप्पे कल्पिले होते. पहिल्या तीन महिन्यांत सर्वांना वाचता यावे आणि पुढच्या तीन महिन्यांत सर्वांना लिहिता यावे, असे ते नियोजन होते.

वर्षअखेरीस बर्नर्स-ली यांनी नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यात वाचन आणि संपादन दोन्ही होते. पान पाहता पाहता त्यातच मजकूर लिहावा, दुवा जोडावा, अशी सोय होती. अडचण एवढीच, की नेक्स्ट हा महागडा संगणक सर्नमध्येही थोड्याच लोकांकडे होता. येथे खरा प्रश्न उभा राहिला. मूठभरांना सर्व सुविधा द्याव्यात, की सर्वांना त्यांतील एकच द्यावी?

उत्तर देण्याचे काम निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीकडे आले. ती प्रशिक्षणार्थी म्हणून सर्नमध्ये दाखल झाली होती. तिने जो ‘लाइन मोड’ ब्राउझर लिहिला तो दिसायला अगदी ओबडधोबड होता. त्यात चित्र नाही, माउस नाही, खिडक्या नाहीत. मजकुरातील प्रत्येक दुव्यापुढे कंसात क्रमांक येई. वाचकाने तो क्रमांक टंकित करावयाचा, की पुढचे पान येई. परंतु तो जवळपास कोणत्याही टर्मिनलवर चालत असे, आणि १९९१ च्या आरंभी जगातील बहुसंख्य संशोधकांसमोर असलेले यंत्र तेच होते. त्यात लिहिण्याची सोय मात्र नव्हती. ती नंतर यावयाची होती.

ही सोय प्रस्तावातील तीन महिन्यांत आली नाही. १९९२ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थ्यांनी ‘अर्वाइज’ आणि कॅलिफोर्नियात पेई-युआन वेई यांनी ‘व्हायोला’ हे ब्राउझर तयार केले. दोन्ही देखणे होते, परंतु दोन्ही केवळ वाचनासाठीच होते. संपादक तयार करणे हे ब्राउझरपेक्षा कितीतरी कष्टाचे काम. शिवाय वाचणाऱ्याला ते नसल्याची उणीव भासत नव्हती. अशा रीतीने तात्पुरता मानलेला टप्पा कायमचा झाला. वेबवर लिहिणारे थोडे आणि वाचणारे अनेक, ही रचना कोणी ठरवून आणली नाही. ‘नंतर पाहू’ या शब्दांतून ती आली.

दूरध्वनी पुस्तिका

व्यवस्था तयार झाली तरी ती वापरावी असे सहकाऱ्यांना वाटावयास हवे होते. हायपरटेक्स्टच्या तत्त्वज्ञानात भौतिकशास्त्रज्ञांना विशेष रस नव्हता. त्यांना पाहिजे होता तो सहकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक. सर्नची दूरध्वनी पुस्तिका मध्यवर्ती मोठ्या संगणकावर होती, आणि केवळ क्रमांक शोधण्यासाठी अनेक जण आपल्या पडद्यावरील एक खिडकी त्या संगणकाला सतत जोडून ठेवीत. बर्न्ड पोलरमान यांच्याकडे त्या संगणकावरील माहितीची जबाबदारी होती. त्यांच्या साहाय्याने ही पुस्तिका वेबवर आणण्यात आली. जगाची माहिती जोडू पाहणारी ही व्यवस्था प्रथम लोकांच्या हाती गेली ती दूरध्वनी पुस्तिका म्हणून. बर्नर्स-ली यांना हे काहीसे खटकले असावे. पण त्यामुळेच लोकांनी ब्राउझर उघडला.

हाच अनुभव अमेरिकेत आला. स्टॅनफर्ड येथील ‘स्लॅक’ प्रयोगशाळेचे पॉल कुन्झ यांनी सर्नला भेट देऊन वेब पाहिली आणि परतल्यावर ग्रंथपाल लुईस अ‍ॅडिस यांच्यासमवेत डिसेंबर १९९१ मध्ये तेथे उत्तर अमेरिकेतील पहिला वेब सर्व्हर सुरू केला. त्यावर पाहण्यासारखे एकच होते : भौतिकशास्त्रातील पूर्वप्रसिद्ध शोधनिबंधांच्या सूचीत शोध घेण्याची सोय. ती सूची पूर्वीपासून होतीच. तिच्यापर्यंत पोहोचणे मात्र जिकिरीचे होते. तेथे ग्रंथपालाचा सहभाग होता ही गोष्टही दुर्लक्षिण्यासारखी नाही. वाचक नेमके काय मागतो, हे ज्याला रोज ऐकावे लागते, त्याला सुविधांचा क्रम लावण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

तुटणारा दुवा

ज्या निर्णयावर त्या काळच्या तज्ज्ञांनी सर्वाधिक नाक मुरडले, तो दुव्यांसंबंधीचा होता. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द रूढ करणारे टेड नेल्सन १९६० च्या दशकापासून दोन्ही बाजूंनी जोडलेल्या व कधीही न तुटणाऱ्या दुव्यांची कल्पना मांडीत होते. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे हर्मान माउरर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘हायपर-जी’ या व्यवस्थेत सर्व दुवे वेगळ्या कोशात ठेवले जात, त्यामुळे ते दोन्ही दिशांनी पाहता येत. वेबमध्ये यांतील काहीच नव्हते. दुवा एकाच दिशेने जाई, आणि समोरचे पान काढून टाकल्यास वाचकाच्या हाती ‘४०४’ हा आकडा येई.

ही उणीव जाणूनबुजून पत्करलेली होती. दुवा कधीच तुटू नये असे म्हटले, की कोठे तरी सर्व दुव्यांची मध्यवर्ती नोंद ठेवणे भाग पडते. आणि मध्यवर्ती नोंद आली, की परवानगीही आली. १९८९ च्या यादीतील विकेंद्रीकरणाच्या अटीत हे बसत नव्हते. दोन्ही गुण चांगलेच होते, पण दोन्ही एकत्र ठेवणे शक्य नव्हते. डिसेंबर १९९१ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे भरलेल्या हायपरटेक्स्ट परिषदेने बर्नर्स-ली आणि कायो यांचा निबंध नाकारला आणि त्यांना केवळ प्रात्यक्षिक दाखविण्याची परवानगी दिली. परीक्षकांचा निर्णय त्यांच्या निकषांवर योग्यच होता. सुविधा मोजल्या तर वेब त्या परिषदेतील दुबळ्या व्यवस्थांपैकी एक ठरली असती.

वेबला खरी स्पर्धा होती ती मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘गोफर’ या व्यवस्थेची. तिचे कारण मात्र तांत्रिक नव्हते. १९९३ च्या वसंतात त्या विद्यापीठाने गोफर सर्व्हरच्या काही वापरांसाठी शुल्क घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी सर्नने वेबच्या आज्ञावल्या कोणत्याही शुल्काविना सर्वांस खुल्या केल्या. वर्षअखेरीस ज्ञात सर्व्हरांची संख्या पाचशेवर गेली.

चित्र आले, शब्द राहिला

१९८९ च्या प्रस्तावात शेवटी ठेवलेली चित्रे १९९३ मध्ये एकदम पुढे आली. इलिनॉय विद्यापीठातील एका केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना हे ‘मोझेइक’ ब्राउझर तयार करीत होते. तोवर चित्र असल्यास ते वेगळ्या खिडकीत उघडे. अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये मजकुराच्या मधोमध चित्र दाखविणारी खूण सुचविली. इतर जाणकारांनी, केवळ चित्रासाठी नव्हे तर सर्व प्रकारच्या सामग्रीसाठी एकच व्यापक खूण असावी, असे पर्याय पुढे केले. चर्चा चालू असतानाच मोझेइकमध्ये ती खूण आली आणि वाद मिटला. सामान्य माणूस वेबकडे वळला तो या चित्रांमुळे, हे मान्य करावयास हवे. प्रस्तावातील चित्रांविषयीचा अंदाज १९८९ मध्ये बरोबर होता आणि चार वर्षांत तो शिळा झाला. अग्रक्रमालाही मुदत असते.

मात्र ज्याला चित्र दिसत नाही त्याचे काय? चित्राऐवजी वाचावयाचा पर्यायी शब्द देण्याची सोय नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० या प्रमाणात होती, पण ती ऐच्छिक होती. डिसेंबर १९९७ च्या ४.० आवृत्तीत ती सक्तीची झाली. त्याच वर्षी वेब संघटनेने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, अपंगांना वेब वापरता यावी यासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेतला, आणि मे १९९९ मध्ये त्याची १४ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली.

या तत्त्वांतील कलमांना तीन अग्रक्रम दिलेले आहेत. जे न केल्यास एखाद्या गटाला माहिती मिळणे अशक्य होते, ते पहिल्या अग्रक्रमाचे. जे न केल्यास अवघड होते, ते दुसऱ्या. आणि जे न केल्यास काहीसे जड जाते, ते तिसऱ्या. किती जणांची सोय होते, हा येथे निकषच नाही. कोण पूर्णपणे बाहेर राहतो, हा आहे. लाइन मोड ब्राउझरच्या वेळी न लिहिता पाळलेला निकष येथे प्रथमच शब्दांत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

देवनागरीचे स्थान

या साऱ्या अग्रक्रमांत मराठी वाचक कोठे होता? भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. त्याच वर्षीच्या एचटीएमएल २.० ची मूळ अक्षरमाला पश्चिम युरोपातील रोमन लिपीची होती. वस्तुतः १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे ‘इस्की’ हे प्रमाण प्रसिद्ध झाले होते, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. म्हणजे अक्षरांना क्रमांक मिळाले होते. ब्राउझर आणि संगणक यांच्या यादीत मात्र ते ‘नंतर’च्या रकान्यात होते. वेबच्या प्रमाणांनी युनिकोड स्वीकारले ते १९९७ मध्ये, आणि विंडोजमध्ये देवनागरीचा आधार आला तो विंडोज २००० पासून.

मधल्या काळात मराठी वृत्तपत्रांनी आणि संस्थांनी आपापली वाट काढली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेला फॉन्ट करावयाचा आणि वाचकाने तो आधी उतरवून घ्यावयाचा. पुढे पानाबरोबरच फॉन्ट पाठविण्याची युक्ती आली. वाचकाला पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक समूह असे. एका वृत्तपत्राचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडत नसे आणि शोधयंत्राला त्यातील एकही शब्द सापडत नसे. दिसणे ही सुविधा आधी धरली गेली, शोधता येणे नंतर. तातडी समजण्यासारखी आहे, पण त्या काळात टंकित झालेला पुष्कळसा मराठी मजकूर पुढे परिवर्तकांच्या साहाय्याने बदलून घ्यावा लागला वा तसाच पडून राहिला. युनिकोडमध्येही सर्व काही एकदम आले नाही. मराठीत नित्य लागणारा ‘ॲ’ हा स्वतंत्र वर्ण २००८ च्या ५.१ आवृत्तीत दाखल झाला.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी हाताशी असणे आवश्यक होते : युनिकोडमधील देवनागरी आणि वाचकाला पानावर लिहू देणारी व्यवस्था. यांतील दुसरी गोष्ट ब्राउझरने दिली नव्हती. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या ‘विकी’ने ती संकेतस्थळाच्या बाजूने दिली. १९९० च्या प्रस्तावातील दुसरा टप्पा अशा आडवाटेने मराठीपर्यंत पोहोचला, तेरा वर्षांनी.

प्रारंभी उल्लेखिलेल्या समितीचे काम पुरे झाल्यानंतरचा एक प्रसंग येथे नोंदवितो. परीक्षेच्या अर्जाची सूचना संकेतस्थळावर आली होती. ती कार्यालयात जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकित झाली, छापली गेली, तिच्यावर शिक्का व सही झाली आणि मग स्कॅन करून चित्ररूपाने चढविली गेली. आमच्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या संगणकाने ते पान वाचून दाखविताना तेथे केवळ ‘चित्र’ असे सांगितले. अंतिम तारीख त्याला मित्राकडून कळली, ती उलटून गेल्यावर. पुढे विनंती अर्ज करून विलंबशुल्कासह त्याचा अर्ज घेतला गेला. संकेतस्थळावर सूचनांची सुविधा नव्हती असे कोणीही म्हणू शकले नसते.

त्यानंतर सूचना युनिकोडमध्ये टंकित करून मजकूर म्हणूनच द्यावयाची आणि सहीची प्रत सोबत जोडावयाची, असे ठरले. ती वाचतानाही त्या विद्यार्थ्याची आज्ञावली मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचू लागली. मराठी, हिंदी, कोंकणी या तिन्ही भाषांची लिपी एकच. पान कोणत्या भाषेतील आहे हे पानाच्या सांकेतिक मजकुरात लिहिलेले नसेल, तर यंत्राने ओळखावे कसे? १९९९ च्या तत्त्वांत पानाची भाषा नोंदविण्याचे कलम तिसऱ्या अग्रक्रमात होते. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते पहिल्या पातळीवर आणण्यात आले. त्यासाठी लागणारी खूण दोन रोमन अक्षरांची आहे. आमच्या संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर ती घालण्यास एका लिपिकाला एक दुपार लागली.